दोन पाकळ्यांची झडप आणि फुगलेली महाधमनी : ऑपरेशन ठरवण्यापासून घरी परतेपर्यंत

टूडी इकोच्या रिपोर्टवर ‘बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह’ असं लिहून आलं की घरातली सगळी चर्चा झडपेभोवती फिरू लागते. बदलायची का, कुठे बदलायची, खर्च किती. त्याच रिपोर्टात दोन ओळी खाली महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, त्यावर कुणाची नजर थांबत नाही. ऑपरेशन कधी करायचं आणि कोणतं करायचं, हे पुष्कळदा तो खालचा आकडाच ठरवतो. झडप आणि महाधमनी यांचा विचार एकत्र झाला नाही, तर एकाच छातीवर दोनदा ऑपरेशन करायची पाळी येऊ शकते.

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरातल्या एक-दोन माणसांना जन्मापासून दोनच असतात; बहुधा तीनपैकी दोन एकमेकींना चिकटलेल्या. पुरुषांत हे बायकांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतं. चाळिशीपर्यंत अनेकांना पत्ताही लागत नाही. नोकरीच्या मेडिकलमध्ये किंवा गरोदरपणातल्या तपासणीत डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ‘मर्मर’ (ठोक्यांमधली जादा सळसळ) ऐकू येते आणि मग इको होतो. वय वाढतं तशी ही झडप कॅल्शियम साचून कडक आणि अरुंद होते, किंवा नीट मिटत नाही म्हणून गळते. काहींमध्ये दोन्ही होतं.

महाधमनीचं दुखणं यापेक्षा वेगळं आहे. अशा माणसांत तिची भिंतच मुळात कमकुवत असू शकते. त्यात दोन पाकळ्यांमधून तिरकं उडणारं रक्त भिंतीच्या ठरावीक जागी आदळत राहतं. जुन्या सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा यावा, तशी ती हळूहळू फुगते. हा फुगवटा दुखत नाही, दम लावत नाही, कसलीच जाणीव करून देत नाही. भीती असते ती भिंतीचा आतला थर एकाएकी फाटण्याची. हृदयालगतच्या भागात हे झालं आणि ऑपरेशन झालं नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात असं हृदयशल्यचिकित्सक पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत.

म्हणून बाकी काही वाचण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. महाधमनी फुगलेल्या माणसाच्या छातीत किंवा पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, अचानक फाडल्यासारखी कळ आली, भोवळ आली किंवा एका हातापायातली ताकद गेली, तर गॅस म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेत, कॅज्युअल्टीत, भेटेल त्या प्रत्येक डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा : ‘यांची महाधमनी फुगलेली आहे, माप अमुक आहे.’ हार्ट अटॅक समजून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर अशा रुग्णाला ते घातक ठरू शकतं. शेवटच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

पहिलं काम : आकडे एका कागदावर आणा

डॉक्टरांकडे जाडजूड फाईल नेण्यापेक्षा एक कागद न्या. त्यावर महाधमनीची तीन ठिकाणची मापं हवीत : मूळ, म्हणजे झडपेलगतचा फुगीर भाग, त्यावरचा चढता भाग, आणि कमान. प्रत्येक मापापुढे तारीख, आणि ते इकोवर घेतलं की सीटीवर, हे लिहा. इको आणि सीटी यांच्या मापात एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून मागच्या वर्षीचा इको आणि यंदाचा सीटी शेजारी ठेवून ‘तीन मिलिमीटर वाढलं’ असं घाबरून जाऊ नका, आणि ‘वाढलंच नाही’ म्हणून निश्चिंतही राहू नका. त्याच पद्धतीने, त्याच जागी घेतलेली मापं तेवढी ताडून पाहायची.

झडपेचेही आकडे लिहा. अरुंद झडपेत क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ४० किंवा जास्त, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, ही गंभीर आजाराची खूण. गळक्या झडपेत डाव्या कप्प्याची पंप करण्याची ताकद आणि त्याचा आकार पाहतात. ताकद ५५ टक्क्यांवर किंवा खाली आली, अथवा आकुंचनानंतरही कप्पा ५० मिलिमीटरपेक्षा मोठा राहिला, तर त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार होतो. चढावर दम लागणं, छातीत आवळणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काही असेल तर ते कागदावर सगळ्यात वर लिहा.

कधी करायचं

महाधमनी ५५ मिलिमीटरची झाली की झडप ठीक असली तरी ऑपरेशन, यावर दुमत नाही. ५० ते ५४ च्या दरम्यान जोखीम वाढवणारी गोष्ट असेल तर तेव्हाच करतात : घरात कुणाची महाधमनी फाटलेली असणं, एका वर्षात ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढ, महाधमनी जन्मतः पुढे आवळलेली असणं. आणि झडपेसाठी छाती उघडायचीच असेल तर महाधमनी ४५ असली तरी ती त्याच वेळी बदलून घेणं शहाणपणाचं. मार्फानसारखा जनुकीय आजार असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

हे आकडे सगळ्यांना सारखे लावणं मला पटत नाही, आणि मार्गदर्शक सूचनांतही त्याला उतारा आहे. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईची महाधमनी आणि पावणेसहा फुटी पुरुषाची महाधमनी एकाच फूटपट्टीने कशी मोजायची? त्यासाठी महाधमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये काढून त्याला मीटरमधल्या उंचीने भागतात. उत्तर १० किंवा जास्त आलं तर ऑपरेशनचा विचार करतात. ४५ मिलिमीटरच्या महाधमनीचं क्षेत्रफळ साधारण १५.९ येतं. १.५५ मीटर उंचीच्या बाईसाठी भागाकार १०.३ होतो, १.७५ मीटरच्या पुरुषासाठी तोच ९.१. आपल्याकडच्या बायकांची उंची पाहता हा हिशेब डॉक्टरांकडे आवर्जून मागावा.

नेहमीचा प्रश्न असतो, ‘चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर केलं तर चालेल का?’ महाधमनी ४७ वर स्थिर आहे, त्रास नाही, तर महिनाभराने आभाळ कोसळत नाही. चवथ साजरी करून या. पण चक्कर येऊन पडलेला माणूस, किंवा वर्षभरात भराभर फुगलेली महाधमनी, यांना सणवार दाखवू नका.

वाट पाहण्याच्या काळात रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवायचा, तंबाखू आणि सिगारेट बंद, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने माप. चालणं चालेल, हलका व्यायाम चालेल; दम कोंडून वजन उचलणं नाही. जिममधले जड बारबेल, नारळाची पोती, विहिरीवर भरलेली कळशी शेंदणं, सगळं त्यात आलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये दिला आहे. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला फार्मसीतून त्या सर्रास घेतल्या जातात. दुसरा पर्याय मागा.

कोणतं ऑपरेशन

महाधमनीचं मूळ ठीक, वरचा भाग फुगलेला आणि झडप खराब असेल तर झडप बदलतात आणि वरच्या भागाच्या जागी डेक्रॉन या विणलेल्या कापडाची नळी शिवतात. मूळही फुगलेलं असेल तर बेंटॉल ऑपरेशन : झडप आणि नळी एकत्र जोडलेला ग्राफ्ट बसवायचा आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांची तोंडं छोट्या चकत्यांसारखी कापून त्यात पुन्हा शिवायची. ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी लंडनमध्ये हे ऑपरेशन करून १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं. इतक्या वर्षांनी, तपशिलात सुधारणा होऊन, तेच मानदंड म्हणून टिकून आहे.

झडप गळते पण पाकळ्या मऊ आहेत, कॅल्शियम नाही, अशा तरुण रुग्णात स्वतःची झडप राखून फक्त मूळ बदलता येतं. टोरोंटोच्या टिरोन डेव्हिड यांच्या नावाने ते ओळखलं जातं. यश आलं तर आयुष्यभराच्या गोळ्या टळतात. मात्र दोन पाकळ्यांच्या झडपेत हे नाजूक काम आहे आणि सर्जनने ते किती वेळा केलंय हे विचारण्यात उद्धटपणा नाही. फुगवटा कमानीच्या सुरुवातीपर्यंत गेला असेल तर शरीर थंड करून, काही मिनिटं अंगातलं रक्ताभिसरण थांबवून, मेंदूला वेगळा पुरवठा चालू ठेवून तोही भाग बदलतात.

‘जांघेतून होतं म्हणे, छाती न उघडता?’ जांघेतून झडप बसवता येते, म्हणजे टावी. पण त्याने फुगलेली महाधमनी तशीच राहते. ज्याला दोन्ही दुखणी आहेत आणि छातीचं ऑपरेशन झेपेल अशी प्रकृती आहे, त्याच्यासाठी तो सोपा रस्ता नव्हे.

कोणती झडप : इथे घाई करू नका

ऑपरेशन कसं करायचं ते सर्जन ठरवतो. झडप कोणती, हा निर्णय मात्र खरोखर तुमचा आहे, कारण तिच्याबरोबर तुम्हाला जगायचं आहे.

धातू-कार्बनची यांत्रिक झडप सहसा आयुष्यभर टिकते. बदल्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉर्फरिन किंवा एसिनोकूमारॉल, रोज, कायमची, आणि आयएनआर ही रक्ततपासणी नेमाने. महाधमनीच्या यांत्रिक झडपेसाठी आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये राहायला हवा. डॅबिगॅट्रान, एपिक्सॅबानसारख्या, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्या घेणाऱ्यांत गाठी वाढल्याचं प्रयोगांत दिसलं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत बनलेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आपल्याकडे स्वस्त यांत्रिक झडप म्हणून तिचा मोठा आधार झाला.

ऊतींची झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाई-बैलाच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनवतात. तिला कायमची पातळ करणारी गोळी लागत नाही. पण साधारण १० ते १५-२० वर्षांत ती झिजते, आणि तरुणांत लवकर. कुणाच्या घरी गाय, कुणाच्या घरी डुक्कर हा अडसर असू शकतो. लाजून गप्प बसू नका. कोणत्या प्राण्याची आहे ते आधी विचारा, पर्याय असतात.

पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीनंतर ऊतींची, मधल्यांनी विचार करून, असा ढोबळ नियम आहे. पण नियमापेक्षा तुमचा दिनक्रम पाहा. गोव्यातल्या सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावातून आयएनआरसाठी जवळची लॅब कुठे आणि रिपोर्ट कधी मिळतो? मुलगा बोटीवर कामाला असेल तर हा प्रश्न आणखी टोकदार : सहा-सात महिने समुद्रावर आयएनआर कोण तपासणार, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना जहाजाचं मेडिकल पास होणार का? सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नव्हे. ज्या मुलीला पुढे मूल हवं आहे तिच्यासाठी वॉर्फरिन गर्भाला घातक ठरू शकतं. तिथे ऊतींची झडप आणि पुढे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी, हा हिशेब डॉक्टर मांडून दाखवतील. माझं मत विचाराल तर जी माणसं गोळ्या चुकवतात, त्यांनी वय कितीही असो, यांत्रिक झडपेच्या वाटेला जाऊ नये.

इस्पितळ, कार्ड आणि खर्च

गोव्यात पहिला दरवाजा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज. हृदयशल्यचिकित्सा विभाग तिथे आहे. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात इको झाला असेल तर तिथून रेफरल घ्या. काहीजण बेळगाव, मुंबई किंवा बंगळूरला जातात. कुठेही गेलात तरी दोनच गोष्टी विचारा : महाधमनीच्या मुळाची अशी ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात, आणि रात्री काही बिघडलं तर तीच टीम येते का. अनुभवी केंद्रात ठरवून केलेल्या ऑपरेशनात जिवाचा धोका साधारण १ ते ३ टक्के असतो. महाधमनी फाटल्यावर तातडीने केलेल्यात तो कित्येक पटींनी वाढतो.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण आहे. अट गोव्यातल्या पाच वर्षांच्या वास्तव्याची. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे तारीख मिळण्याआधी पाहा. पॅकेजमध्ये झडप आणि ग्राफ्ट दोन्ही धरले आहेत का, वरचा फरक किती, हे लेखी मागा. झडप-नळी एकत्र असलेला ग्राफ्ट नुसत्या झडपेपेक्षा महाग असतो आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो. महाराष्ट्रातल्या सावंतवाडी-दोडामार्गहून येणाऱ्यांनी आपली योजना गोव्यातल्या इस्पितळात चालते का, हे काउंटरवर आधी विचारून घ्यावं.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

महाधमनीचा सीटी अँजिओ, चाळिशीपुढच्यांची कोरोनरी अँजिओग्राफी, किडनी आणि फुप्फुसांची तपासणी. मधुमेहाची गोळी सीटीच्या वेळी थांबवायची का, रक्ताची गाठ होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल किती दिवस आधी बंद करायची, हे विचारून लिहून घ्या. दातांकडे दुर्लक्ष नको. किडलेल्या दाताचे जंतू नव्या झडपेवर जाऊन बसले तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून काढायचे दात आधीच काढतात. रक्तदाते तयार ठेवा, आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर त्यांना पुन्हा फोन करणारा एक माणूस नेमा.

त्या दिवशी आणि नंतर

ऑपरेशनला साधारण चार ते सहा तास लागतात. भूल, नळ्या, नंतरची स्थिरता धरून माणूस सकाळी आत गेला की संध्याकाळीच दिसतो. छातीचं हाड मधोमध उघडून हार्ट-लंग मशीन जोडतात, हृदय औषधाने थांबवतात, काम संपलं की पुन्हा चालू करतात. बाहेर बसलेल्यांनी वेळ लांबला म्हणून वाईट अर्थ काढू नये. नुसतं रक्त थांबवण्यात तास जातो.

आयसीयूत रुग्ण तोंडात नळी घेऊन, छातीतून ड्रेन निघालेल्या अवस्थेत दिसेल. वयस्कर माणसं दोन-तीन दिवस असंबद्ध बोलतात, भिंतीवर माणसं पाहतात. बहुतेकांत ते आपोआप निवळतं. चष्मा आणि कानाचं यंत्र नर्सकडे द्या, त्याने फरक पडतो. हृदयाचा ताल बिघडणं तिघांतल्या एकाला तरी होतं आणि औषधाने आवरतं. काहींना पेसमेकर लागतो. सारं सुरळीत असेल तर आठ-दहा दिवसांत घरी.

घरी छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे. तोवर पाण्याची बादली, नातवंडं, गॅस सिलिंडर, काही उचलायचं नाही. स्कूटर दोन-तीन महिने नाही, मागे बसूनही नको. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक हाडाला सोसवत नाहीत. खोकताना उशी छातीशी धरा. यांत्रिक झडपेची टिकटिक रात्री ऐकू येते, काही महिन्यांत कान सरावतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत दम वाढला, पाय सुजले किंवा भोवळ आली तर हृदयाभोवती रक्त साठलेलं असू शकतं. त्याच दिवशी इको.

आयएनआरच्या गोळीवर असणाऱ्यांनी तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पालक सोडायची गरज नाही. आठवड्याला खाण्याचं प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात एकदम महिनाभर पालेभाज्यांवर आलात तर आयएनआर खाली जातो. फेणी-उर्राकसारख्या दारूने तो कधी वर उडतो, कधी कोसळतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, कमरेत घेतलेली इंजेक्शनं आणि कुणी सांगितलेले काढे, सगळं डॉक्टरांना विचारूनच. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सुके बांगडे, खारं, पापड यांच्या मिठाने रक्तदाब चढतो, तेव्हा तेही बेतानेच.

पावसाळ्यातला ताप हा या माणसांसाठी साधा ताप नसतो. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात, आणि वर रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव होतो. पहिल्याच दिवशी तपासणी करून गोळीचं काय करायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, तरी ताप दोन दिवसांवर गेला, तर झडपेला संसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा; आधी गोळ्या खाल्ल्या तर जंतू सापडत नाही. दात काढताना डेंटिस्टला ऑपरेशननंतर मिळालेलं झडपेचं कार्ड दाखवा. तासभर आधी अमोक्सिसिलिन २ ग्रॅम देण्याची पद्धत आहे, अ‍ॅलर्जी असल्यास दुसरं औषध.

वर्षाला एक इको कायमचा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी किंवा एमआरआय, कारण नळीच्या पुढचा उरलेला भागही फुगू शकतो. याशिवाय रुग्णाच्या आई-वडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचा प्रत्येकी एक टूडी इको करून घ्या. दहातल्या साधारण एकात हीच झडप सापडते. धाकटी बहीण किंवा मुलगी लग्नाची असेल तर तिचा इको दिवस राहण्याच्या आधी व्हायला हवा, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणात महाधमनीवरचा ताण वाढतो, आणि त्या काळात सीटीही सहज करता येत नाही.